अनुशेष कोणत्या पक्षाचा?

विकास आम्ही आणला, असं सांगणारे पक्ष नागपुरात रांगेने उभे आहेत. विषमता आमच्या काळात वाढली, असं सांगणारा अजून एकही भेटलेला नाही. वर्धा रोडवरचा दुमजली पूल कुणाचा, मेट्रो कुणाची, मिहान कुणाचं, यावर पानठेल्यापासून विधानभवनापर्यंत भांडणं होतात. वाशीमचा कोरडवाहू शेतकरी, गडचिरोलीतला तेंदूपत्ता तोडणारा मजूर आणि कळमन्यात पोती वाहणारा हमाल इतकी वर्षं मागे का राहिला, या प्रश्नाला मात्र मालक नाही.

राजेहो, आज तो हिशेब मांडू. पक्षांची नावं घेऊन मांडू.

१९७८ पर्यंत राज्यात काँग्रेस. मग पुलोद आघाडीची दीड-दोन वर्षं, पुन्हा काँग्रेस. १९९५ ते ९९ शिवसेना-भाजप. पुढची पंधरा वर्षं काँग्रेस-राष्ट्रवादी. २०१४ ते १९ भाजप-शिवसेना, मग अडीच वर्षं महाविकास आघाडी, २०२२ पासून महायुती. राज्याच्या तिजोरीची किल्ली हातात आली नाही, असा एकही मोठा पक्ष उरलेला नाही. ‘आमचा माणूस मुख्यमंत्री झाला असता तर’ ही तक्रारही विदर्भाने आता सोडावी. मारोतराव कन्नमवार, अकरा वर्षांहून अधिक काळ वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक आणि देवेंद्र फडणवीस. चौघांची बेरीज केली तर वीस वर्षांच्या घरात जाते. एवढ्या वर्षांत आपला माणूस वर होता आणि आपला तालुका खाली होता.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च आणि मागासलेल्या भागाकडे विशेष लक्ष, असा शब्द दिला होता. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने तर स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. ती बाजूला ठेवून आपण महाराष्ट्रात आलो, ते या शब्दावर. शब्द पाळला गेला का, हे मोजायला सरकारला तीस वर्षं लागली. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, ३,१८६ कोटी ७७ लाख रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६ कोटी ५५ लाख, म्हणजे ३९ टक्के. १९९४ च्या स्थितीवर दुसऱ्या समितीने मोजलं, तेव्हा राज्याचा अनुशेष १४ हजार कोटींवर गेला होता आणि त्यात विदर्भाचा वाटा निम्म्याच्या जवळ पोचला होता. मधल्या काळात किंमती वाढल्या, मोजण्याच्या पट्ट्याही थोड्या बदलल्या. पण ती दहा वर्षं पूर्णपणे काँग्रेसची होती आणि अनुशेष भरून काढण्याचं वचनही तिचंच होतं. त्याची जबाबदारी दुसऱ्या कुणावर टाकता येत नाही.

मग बाकीचे धुतल्या तांदळाचे का? प्रादेशिक असमतोलावरच्या केळकर समितीचा अहवाल घ्या. काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारला तो ऑक्टोबर २०१३ मध्ये मिळाला. विदर्भाचं दरडोई उत्पन्न उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत साधारण २७ टक्क्यांनी कमी आणि मराठवाड्याचं ४० टक्क्यांनी कमी, असं त्यात लिहिलेलं होतं. वर्षभर तो कपाटात राहिला. डिसेंबर २०१४ मध्ये नव्या सरकारने नागपुरात तो विधिमंडळाच्या पटलावर ठेवला. एकाने कपाटात ठेवला, दुसऱ्याने पटलावर ठेवला, अंमलात कुणीच आणला नाही. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. महाविकास आघाडीने ती वाढवली नाही. महायुतीच्या मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला, आणि त्यानंतरही मंडळांच्या खुर्च्या वर्षानुवर्षे रिकाम्याच राहिल्या. विदर्भाला किती मिळालं हे मोजणारी यंत्रणाच बंद पाडण्यावर दोन्ही बाजूंचं असं एकमत झालं. १९९७ मध्ये भुवनेश्वरला छोट्या राज्यांचा ठराव करून ‘एक वोट, दोन राज्य’ म्हणणारा भाजप आज ते वाक्य उच्चारतही नाही.

गोसीखुर्द धरणावर जरा थांबावं लागेल, कारण सगळ्या पक्षांचा चेहरा एकाच पाण्यात दिसावा असा हा एकच प्रकल्प आहे. १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा किंमत होती ३७२ कोटी रुपये. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला. पुढे सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या पार गेली. नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची होती. भूमिपूजन पाहिलेल्या शेतकऱ्याचा नातू आज शेतात उभा आहे आणि शेवटच्या टोकाच्या वितरिकेची वाट पाहतो आहे. वाढलेले हजारो कोटी कुठेतरी गेलेच ना? ते सिमेंटमध्ये गेले, मातीकामात गेले, निविदांच्या फेरमंजुरीत गेले. राज्याच्या सकल उत्पन्नात त्यातला बराच खर्च ‘वाढ’ म्हणून मोजला गेला. कंत्राटदाराचं उत्पन्न वाढलं, धानाच्या बांधीत पाणी आलं नाही. एकाच प्रकल्पातून वाढ आणि विषमता एकाच वेळी कशी निपजते, हे समजून घ्यायला परदेशी पुस्तक लागत नाही, पवनीपर्यंतची एसटी पुरते.

राज्याच्याच आर्थिक पाहणीतल्या ०.१ टक्के सिंचनवाढीच्या आकड्यावरून २०१२ मध्ये रान पेटलं. एका बाजूने आरोप झाले, दुसरी बाजू घायाळ झाली, त्या आरोपांवर निवडणूकही लढवली गेली. पुढे आरोप करणारे आणि आरोप झालेले एकाच मंत्रिमंडळात शेजारी बसले. आणि ज्या नागपूरच्या नेत्यांनी गोसीखुर्दवर सर्वाधिक भाषणं केली, त्यांच्याच शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून वैनगंगेला मिळून त्याच धरणात जाऊन बसतं. भंडाऱ्याच्या माणसाला आपण पाण्याऐवजी मैला पाठवतो. याची लाज नागपूरकर मतदार म्हणून मला वाटते, आणि महानगरपालिकेत २००७ पासून पंधरा वर्षं सलग सत्ता असलेल्या भाजपला ती अधिक वाटायला हवी.

आता कुणी म्हणेल, पक्षाचा आणि आर्थिक वाढीचा काही संबंधच नाही का? अमेरिकेत या प्रश्नावर भरपूर खल झाला आहे. ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये ट्रुमनपासून ओबामांपर्यंतचा हिशेब मांडला. डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात वाढीचा वार्षिक वेग १.७९ टक्के गुणांनी जास्त भरला. मोठा फरक आहे. पण कारणं तपासली तेव्हा धोरणाचा वाटा थोडा निघाला. तेलाच्या किंमतीतले धक्के, उत्पादकतेची चाल, जगाची परिस्थिती यांनीच बराच फरक पाडला होता. आपल्याकडे तेलाच्या जागी पाऊस धरा, कापसाचा जागतिक भाव धरा, रिझर्व्ह बँकेचे व्याजदर धरा. चांगला पाऊस झालेल्या वर्षाचं श्रेय घेणाऱ्या पक्षाने दुष्काळी वर्षाचाही दोष घ्यावा. घेत नाही.

वाढीत पक्षाचा हात थोडा असतो. वाटपात तो मोठा असतो, आणि तो नियमांच्या बारीक अक्षरात असतो.

२००८ ची कर्जमाफी पाहा. मनमोहन सिंग २००६ च्या जून-जुलैत विदर्भात आले, शेतकऱ्यांच्या विधवांना भेटले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. पण दोन वर्षांनी देशभराची कर्जमाफी आली, तिच्यात पूर्ण माफी फक्त दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला होती. पाच एकर बागायती ऊस असलेला माणूस त्या रेषेच्या आत आला. यवतमाळात सात एकर कोरडवाहू कापूस पेरणारा, पावसाने दगा दिला की उपाशी राहणारा माणूस रेषेच्या बाहेर गेला. पंचाहत्तर टक्के भर, मग पंचवीस टक्के सूट घे, असं त्याला सांगितलं गेलं. ज्याच्याकडे भरायला काहीच नव्हतं, त्याला. ज्या प्रदेशातल्या आत्महत्यांमुळे देश हलला, त्याच प्रदेशातला शेतकरी दिल्लीत आखलेल्या एका ओळीने वगळला. २०१७ मध्ये भाजपने दीड लाखाची मर्यादा घातली, २०१९ च्या डिसेंबरात उद्धव ठाकरेंनी नागपुरातच दोन लाखांची घोषणा केली. मर्यादा बदलल्या. कोरडवाहू आणि बागायती यांना वेगळं मोजायची अक्कल एकाही सरकारला आली नाही.

कापसाचंच आणखी एक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, नंतर डिसेंबरअखेरपर्यंत. कारण खरं होतं: अमेरिकेच्या ५० टक्के शुल्काने कापड निर्यातदार अडचणीत आले होते. गिरणीतली नोकरी वाचायलाच हवी. पण आमच्याकडे बोंडं फुटतात ऑक्टोबरात, नेमक्या त्या मुदतीत. मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर होता आणि बाजारात बाहेरचा कापूस बिनशुल्क येत होता. गिरणीमालकाचं संकट सरकारने ज्याच्या खिशातून मिटवलं, तो वणी आणि हिंगणघाटच्या बाजारात गाडी घेऊन उभा होता. त्याला त्या फायलीत स्थान नव्हतं.

देशाचा आलेखही हेच सांगतो. नितीन भारती, ल्युका शांसेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची यांनी मार्च २०२४ मध्ये शंभर वर्षांच्या भारतीय विषमतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरच्या एक टक्का लोकांचा उत्पन्नातला वाटा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सहा टक्क्यांच्या आसपास उतरला होता. २०२२-२३ मध्ये तो २२.६ टक्के झाला. संपत्तीत तर ४०.१ टक्के. या चाळीस वर्षांत दिल्लीत काँग्रेस होती, जनता दल होता, संयुक्त आघाडी होती, वाजपेयी होते, मनमोहन सिंग होते, मोदी आहेत. मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा कर १९८५ मध्ये काँग्रेसने काढला. संपत्ती कर २०१५ मध्ये भाजपने काढला. २०१९ च्या सप्टेंबरात कंपन्यांचा कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. श्रीमंतांच्या बाबतीत सरकारं एकमेकांचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण करतात. गोसीखुर्दच्या बाबतीत करत नाहीत.

सगळे सारखेच, म्हणून कुणालाही द्या मत, असं मी म्हणत नाही. ते आळशी माणसाचं वाक्य आहे. महाराष्ट्राने एकदा वेगळं करून दाखवलं आहे.

१९७२ चा दुष्काळ पडला. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना काँग्रेस सरकारने राज्यभर नेली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क देणारा देशातला पहिला कायदा. त्याला विरोधी बाकांवरच्या समाजवाद्यांनी आणि कम्युनिस्टांनीही बळ दिलं. पण मला जे सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याच्या दोन वर्षं आधीचं आहे. १९७५ मध्ये सरकारने व्यवसाय कर आणला, तो याच कामासाठी. शहरातल्या नोकरदाराने, वकिलाने, डॉक्टरने थोडे पैसे द्यायचे आणि सरकारने तेवढीच भर घालायची, त्यातून खेड्यातल्या बाईला खडी फोडण्याची का होईना, मजुरी मिळायची. आज तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, त्याचं मूळ तिथे आहे. मजुरी कमी होती, कामं चुकीची निवडली गेली, मुकादमांनी पैसे खाल्ले, हे सगळं खरं आहे. तरीही सत्तेने उघडपणे सांगितलं: याच्याकडून घेतो, तिला देतो, आणि कायद्याने देतो. सरकार बदललं तरी तो हक्क राहिला. २००५ मध्ये देशाने त्यावरून आपला कायदा बेतला.

लाडकी बहीण योजनेला मी याच मापाने मोजतो. जुलै २०२४ पासून महिन्याला १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात येतात. त्याला रेवडी म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पाचपावलीतली धुणीभांडी करणारी बाई त्यातून गॅस भरते, मुलाची फी भरते, हे मी पाहतो. पण ही योजना निवडणुकीच्या तोंडावर आली. एका बाजूने २,१०० रुपये देऊ म्हटलं, दुसरीने ३,००० रुपये. पैसा कुणाकडून घेणार, हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. परिणाम २०२५ मध्ये दिसला: सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी तिकडे वळवला आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी जाहीर नाराजी दाखवली. दलित वसतिगृहातल्या पोराचा पैसा घेऊन त्याच्याच आईला दिला, तर विषमता कशी घटणार? १९७५ च्या सरकारकडे कर लावायची हिंमत होती. आजच्या दोन्ही आघाड्यांकडे ती नाही.

आणि नागपूर शहर? दरडोई उत्पन्नात मुंबई, ठाणे, पुण्याच्या पंक्तीत नागपूर जिल्हा बसतो, आणि तळाशी वाशीम, गडचिरोली. गडचिरोलीचा आकडाही आता वाढेल, कारण सुरजागडचं लोहखनिज आणि पोलाद त्या जिल्ह्याच्या नावावर मोजलं जाईल. नफा कुठे जाईल, हे त्या आकड्यात दिसणार नाही. चंद्रपुरात कोळसा, वीज आणि सिमेंटने हेच झालं. धूर तिथल्या छातीत, उत्पन्न दुसरीकडे.

एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला जमशेदजी टाटांनी सुरू केली. तिथे १८८६ मध्ये पेन्शन निधी होता, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई होती. १९८६ मध्ये ती राज्याच्या महामंडळाकडे आली आणि २००२ च्या सुमारास कायमची बंद पडली. आज त्या जागी मॉल आहे. त्याच्या दारावर उभ्या असलेल्या कंत्राटी रक्षकाला विचारा, पेन्शन आहे का. इंग्रजांच्या राज्यात गिरणी कामगाराला जे मिळत होतं, ते आज त्याच जागेवर काम करणाऱ्याला मिळत नाही. यात काँग्रेसचंही सरकार आहे आणि भाजपचंही. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात नऊ कामगार मेले, त्यातल्या सहा बायका. तेव्हा इथे हिवाळी अधिवेशन चालू होतं. नागपूरला संरक्षण उत्पादनाचं केंद्र म्हणणाऱ्या नेत्यांचं विधानभवन तिथून फार दूर नव्हतं. मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली. कंत्राटी मजुराला बारूद हाताळायला लावायची की नाही, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

टाटा-एअरबसचा विमान प्रकल्प मिहानमध्ये येणार म्हणता म्हणता ऑक्टोबर २०२२ मध्ये वडोदऱ्याला गेला. तो कुणाच्या काळात गेला, यावर महिनाभर भांडले. मिहानसाठी जमीन दिलेल्या शिवणगाव, खापरीच्या पोरांना तिथल्या कंपन्यांत कोणत्या कामावर घेतलं, यावर एक दिवसही भांडले नाहीत. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. उत्तम रस्ता आहे, मी त्याचं स्वागत करतो. त्याच्यासोबत शेतमालासाठी कृषी समृद्धी केंद्रं व्हायची होती. ती रस्त्याच्या वेगाने उभी राहिली नाहीत, कारण पथकर रस्त्यावरून मिळतो, संत्र्याच्या शीतगृहातून मिळत नाही.

नागपूर करारामुळे इथे अधिवेशन होतं. २०२० आणि २०२१ मध्ये ते मुंबईतच उरकलं, महाविकास आघाडी होती. २०२४ आणि २०२५ मध्ये ते एका आठवड्यावर आलं, महायुती होती. एका आठवड्यात अकरा जिल्ह्यांचं काय बोलणार?

येत्या डिसेंबरात ते पुन्हा भरेल. त्याआधी आपल्या आमदाराला गाठा आणि एक तारांकित प्रश्न विचारायला लावा: माझ्या तालुक्यात मागच्या पाच वर्षांत सरकारने किती रुपये खर्च केले, त्यातले मजुरीत किती गेले, कंत्राटात किती गेले आणि किती एकर भिजली? तालुकानिहाय मोजा, असं केळकर समितीनेही म्हटलं होतं, म्हणजे ही मागणी अवाजवी नाही. उत्तर लेखी घ्या, गावात वाचून दाखवा. आमदाराने प्रश्न विचारला नाही, तर पुढच्या वेळी त्याला मत देऊ नका. पक्ष कोणताही असो.